दिवाळीच्या कॅसेटवरचं राखीचं गाणं

तारीख बारा ऑगस्ट. सकाळचं दूध गाडीत चढवून झालं होतं आणि मी संकलन केंद्राच्या ओट्यावर बसून रिकामे कॅन धूत होते. एका घमेल्यात राख, एका बादलीत पाणी, आणि त्या एका बादलीत अकरा कॅन निभवायचे होते.

पुढचं सांगण्याआधी एक सांगते. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि बऱ्याच वेळा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसते. आमच्या घरात चुलत सासूच्या अंगात यायचं तेव्हा बाकीच्या बाया पाया पडायच्या आणि मी तिला गूळ-पाणी पाजून झोपवायचे. सकाळपासून उपाशी असायची बिचारी. त्यामुळे मला कुणी पुरावा मागितला तर मी देऊ शकणार नाही, आणि मला कुणी हसलं तर राग येणार नाही. जे झालं ते लिहिते. यात भूत नाही, रात्र नाही, स्मशान नाही. सकाळचे साडेनऊ-दहा वाजले होते आणि लख्ख ऊन होतं.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटपासून सहा किलोमीटर आत. मी तेव्हा सदतीस वर्षांची आणि गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. मोबाईल अजून आमच्याकडे यायचा होता. संस्थेत बत्तीस बायका, प्रत्येकीच्या एक-दोन गाई. या गाई हौसेने घेतलेल्या नव्हत्या. दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते — नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं-बाळं गाडीत, आणि परत यायचं ते होळी-पाडव्याच्या पुढे. या बत्तीस जणींचा कोयता गाईंमुळे सुटला होता. घरी राहता येत होतं, मुलं शाळेत एका जागी बसत होती. गाय गेली की पुन्हा कोयता, एवढं सरळ गणित होतं.

आता गाण्यांबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

केंद्राच्या खोलीवर एक कर्णा होता आणि तो वाजवायला चाँदभाई होते. तेव्हा साठी ओलांडलेले. आयुष्यभर जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवत फिरलेला माणूस. तंबू बंद पडले तेव्हा त्यांनी टेपचं मशीन, कर्णा आणि कॅसेटची एक पेटी घेऊन गाव गाठलं. आमची अडचण अशी होती की गाव कमी आणि वस्त्या जास्त. कुणी दोन किलोमीटरवर, कुणी तीन. कर्ण्यातून ओरडलं तर तिथपर्यंत शब्द पोचत नाहीत, नुसता घोगरा आवाज जातो. चाँदभाई म्हणाले, "शब्द जात न्हाई, आक्का. चाल जाती." आणि त्यांनी सणांची गाणी लावून दिली.

होळीचं गाणं वाजलं की पाण्याचा टँकर आला. दिवाळीचं वाजलं की चारा किंवा पेंड आली. राखीचं वाजलं की जनावरांचे डॉक्टर आले. तिन्ही जुन्या हिंदी सिनेमातली. गाण्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की अनुभव राहतो बाजूला आणि संगीतकार कोण यावर पत्रं येतात.

सणाचीच गाणी का, तर त्यांची सुरुवात लांबून ओळखू येते असं चाँदभाईंचं म्हणणं. होळी ढोलकीने उठते. दिवाळीला आधी सनई. राखीला वाद्यं नंतर, आधी नुसता बाईचा आवाज. शिवाय त्यांच्याकडे प्रत्येकाचं कारण तयार होतं. होळीला सिनेमात पिंपंच्या पिंपं पाणी उधळतात, म्हणून टँकर. आमच्या गावात त्या गाण्यावर बाया हंडे घेऊन धावायच्या आणि एका हंड्यावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या... तो भाग सिनेमात नसतो. दिवाळीच्या गाण्यात गावभर दिवे असतात आणि एका घरात अंधार असतो, तिथली बाई रडत असते. "तसं आपल्याकडं चारा वाटताना एक तरी रडतीच," असं ते म्हणायचे. आणि राखी? "राखीला सिनेमात भाऊ हमखास उशिरा येतो. डॉक्टर तरी कवा येळेवर आला?"

तंबूत राखीचं गाणं लागलं की बाया एवढ्या रडायच्या की पुढचं रीळ लावायला थांबावं लागायचं, असंही ते सांगायचे. मला सिनेमाचं एवढं कौतुक नाही. पण ही पद्धत चालली, आणि चालते ती पद्धत मी मोडत नाही.

तीन गाणी, तीन कॅसेट. प्रत्येक कॅसेटवर दोन्ही बाजूंनी तेच एक गाणं परत परत भरलेलं, म्हणजे कशीही घातली तरी चूक व्हायला नको. यातली राखीची कॅसेट उन्हाळ्यात मशीनने खाल्ली. फीत गुंतली, ओढताना तुटली. ती फीत एका सभासद बाईने मागून नेली आणि पाखरं उडवायला शेतात दोरीसारखी बांधली; उन्हात चमकते, वाऱ्यावर फरफरते, पाखरं बसत नाहीत. ती तिथे बांधलेली मी स्वतः पाहिली होती. तेव्हापासून डॉक्टर आले की आम्ही वस्तीवर निरोप धाडत होतो. डॉक्टर आल्यावर म्हणायचेही, "आमचं गाणं कुत्र्यानं नेलं वाटतं."

त्या वर्षी जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले. लोकांनी पेरलं, चारा छावणी बंद झाली, आणि मग पाऊस गेला तो गेलाच. जुलै कोरडा. ऑगस्टचे पहिले दहा दिवस कोरडे. छावणीत निदान उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, मिळत होतं. आता तेही नाही. गाईंच्या बरगड्या मोजता येत होत्या. कडबा संपलेला. बाया मला काही म्हणत नव्हत्या, पण दूध घालून झाल्यावर ओट्यावर बसून राहायच्या. बसून राहणं हे बोलण्यापेक्षा वाईट.

अशात तलवाड्याकडून माझ्या मावसभावाचा, बबनचा निरोप आला. त्याची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती, पानं वळायला लागली होती. तो नांगर घालणार होता. कापून न्यायची असेल तर ट्रॉली भरून फुकट घेऊन जा. मी दुसरा विचार केला नाही. दोन महिन्यांत हिरवं पान कुणी पाहिलं नव्हतं. अकराला कापणी झाली आणि बाराला सकाळी, मी कॅन धूत असताना, भरलेली ट्रॉली दारात येऊन उभी राहिली.

शेतकरी वाचकांच्या हे वाचतानाच लक्षात आलं असेल. पाण्यावाचून खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष तयार होतं, आमच्याकडे त्याला किराळ म्हणतात. जनावराच्या पोटात गेलं की अर्ध्या-पाऊण तासात खेळ आटोपतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण कापून रात्रभर ठेवलं की किराळ उतरतं, असं मी कुठेतरी ऐकलेलं होतं आणि त्या दिवशी मला तेवढंच आठवायचं होतं.

केंद्राशेजारी कोंडाबाई राहायच्या. सत्तरीच्या, एक गाय, संस्थेच्या पहिल्या सभासद. त्या काठी टेकत आल्या, ट्रॉलीतून एक धाट ओढलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"जवारी लई बारकी दिसती, वच्छले."

"बारकी असली तरी हिरवी आहे, मावशी."

"हिरवी हाय म्हनूनच म्हनले."

"काल कापलीय. रात्रभर पडून होती."

"तुजं तू बघ. मी आपलं बोलले."

मी पुढे बोलू दिलं नाही. चाँदभाईंना आत हाक मारून सांगितलं, "दिवाळी लावा," आणि उरलेल्या कॅनकडे वळले.

मशीन ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालायचं, त्यामुळे लाईट आहे-नाही हा प्रश्न नव्हता. खट्ट आवाज आला. आणि कर्ण्यातून वाद्याशिवाय, नुसता बाईचा आवाज आला.

मी कॅन घासतच होते. एखाद मिनिट गेलं असेल. मग लक्षात आलं की सनई वाजलीच नाही. मी आत गेले.

"चाँदभाई, डॉक्टर आलेत का?"

"न्हाई."

"मग राखी कशाला लावली?"

"मी दिवाळी लावली, आक्का."

"मग हे काय वाजतंय?"

"तेच तर बघायलोय."

ते मशीनवर वाकून, हात न लावता बघत होते. मी बटण दाबून बंद केलं. गाणं थांबलं. कॅसेट बाहेर काढली. वर त्यांच्याच अक्षरात लाल शाईने 'दिवाळी' लिहिलेलं होतं. त्या क्षणी मला भीतीबिती काही वाटली नाही, चीड आली. बत्तीस घरांना चुकीचा निरोप गेला होता. आता वर दिवाळी वाजवली तर आणखी गोंधळ, म्हणून मी म्हटलं राहू द्या.

व्हायचं तेच झालं. चारा न्यायला येताना बाया दोर आणि भाऱ्याखाली डोक्यावर ठेवायला चुंबळ घेऊन येतात, जनावर घरीच असतं. डॉक्टरसाठी येताना जनावर घेऊन येतात. पंधरा-वीस मिनिटांत गावातल्या आणि जवळच्या वस्त्यांवरच्या वीसेक गाई केंद्रासमोर. दोन महिने हिरवं न पाहिलेल्या गाई आणि समोर हिरवी ट्रॉली. कासरे ताणले गेले, एका बाईचा पाय चिरडला, दुसरी पडता पडता वाचली.

"डॉक्टर कुठंयत, आक्का?"

"डॉक्टर नाही आले. चारा आलाय."

"मग राखी कावून वाजवली?"

"चुकून."

"चुकून कशी? फीत तर माज्या रानात बांदलीय." ही तीच बाई, जिने फीत नेली होती. तिच्या बोलण्याकडे गर्दीत कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

"भाऊ यायच्या आदीच ववाळायचं ताट मांडलं म्हना," मागून कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं. मी ठरवलं की जनावरं आलीच आहेत तर इथेच बांधा, पेंढी पेंढी टाकते, घरी वाहून न्यायचे कष्ट वाचतील. मी ट्रॉलीवाल्याला मागचा फाळका पाडायला सांगितलं. फाळका पडला. थोडा चारा खाली घसरला आणि कोंडाबाईंची गाय, जी दाव्याशिवाय नुसती मागे मागे आली होती, पुढे घुसून खायला लागली. कोंडाबाई काठी उगारून ओरडत होत्या, पण भुकेलं जनावर काठीला ऐकत नाही.

मी पहिली पेंढी उचलली होती. तेवढ्यात डॉक्टरांची मोटारसायकल आली.

"कुणाचं जनावर पडलंय?" उतरता उतरताच त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. गाणं चुकून वाजलं."

ते हसायच्या बेतात होते. मग त्यांना ट्रॉली दिसली. त्यांनी माझ्या हातातली पेंढी घेतली, एक धाट मोडलं, पान पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे किती जनावरांनी खाल्लं?"

"अजून वाटलंच नाही."

"माजीनं खाल्लं की," कोंडाबाई म्हणाल्या. "दोन पेंढ्या तरी."

"सगळी जनावरं मागे घ्या. आधी मागे घ्या, मग विचारा."

बायांनी विचारलं नाही. शिंगं धरून, शेपट्या पिरगाळून, ढकलून गाई मारुतीच्या पाराच्या पलीकडे नेल्या. कोंडाबाईंची गाय जागेवर उभी होती. आधी तोंडाला फेस आला, मग तिचा श्वास मोठा झाला, भात्यासारखा. मागचे पाय अलगद वाकले आणि ती बसली. बसली ती आडवी झाली. कोंडाबाई तिच्या मानेशी बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

डॉक्टरांनी शिरेत औषध दिलं. चाँदभाईंनी तिला पाजायला पाण्यात गूळ कालवला. वीस मिनिटं गेली. मग गाईने कान हलवला. दुपारी दोनच्या सुमाराला ती आपल्या पायाने उठली आणि शेण टाकलं. शेण पाहून एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

डॉक्टर ओट्यावर बसून चहा पिताना म्हणाले, "बाई, माझ्या पेटीत दोन जनावरांपुरतं औषध होतं. तिसरं पडलं असतं तर मी नुसता बघत बसलो असतो."

दिवाळीचं गाणं वाजलं असतं तर बाया भारे बांधून आपापल्या वस्तीवर गेल्या असत्या. बत्तीस घरं, तीन-तीन किलोमीटरच्या घेरात, आणि डॉक्टर कुणाच्या दारात नाही. मी हा हिशोब त्या दिवशी पुन्हा पुन्हा केला. आजही कधी कॅन धुताना होतो.

मग मी त्यांना विचारलं, तुम्ही इकडे कसे आलात.

ते दुसऱ्या गावाला निघाले होते. फाट्यावर, म्हणजे आमच्यापासून चार किलोमीटरवर, प्लग साफ करायला गाडी बंद करून थांबले होते. तिथे त्यांना त्यांचं गाणं ऐकू आलं. "म्हटलं, कॅसेट मिळाली वाटतं यांना. आणि एवढा वेळ वाजवतायत म्हणजे काहीतरी गंभीर असणार."

"एवढा वेळ म्हणजे?"

"पूर्ण ऐकलं की. तिन्ही कडवी. प्लग बसवेपर्यंत चालूच होतं."

मी चाँदभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. आम्ही ते गाणं एका कडव्याच्या आत बंद केलं होतं.

आता मी काय काय तपासलं ते सांगते, कारण वाचक विचारतीलच. त्याच संध्याकाळी ती कॅसेट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, दोन्ही बाजूंनी. दिवाळी, दिवाळी, दिवाळी. मध्ये कुठे राखीचा एक शब्द नाही. राखीपौर्णिमा जवळ होती, म्हणून रेडिओवर लागलं असेल आणि मशीनने ते पकडलं असेल, असं मला वाटलं. आमच्या मशीनला रेडिओ नव्हता, तरी सरपंचाच्या आईला विचारलं. त्यांचा रेडिओ दिवसभर चालू असतो. त्या वेळी खतांवरचं भाषण चालू होतं. आसपास लग्न नाही, मंडप नाही, दुसरा कर्णा नाही. शेतातली फीत जाऊन पाहिली. होती तिथेच होती, उन्हाने पांढुरकी पडलेली. चाँदभाईंनी गुपचूप दुसरी कॅसेट भरून आणली असेल म्हणाल, तर त्यांनी लबाडी करायची कशासाठी? त्यांना किराळ हा शब्दही त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

त्यांचं स्वतःचं म्हणणं एवढंच होतं, "सिनेमात भाऊ उशिरा येतो. ह्यो येळेवर आला. ह्याच्याहून जास्त इचारू नका."

पुढच्या आठवड्यात राखीपौर्णिमेला बायांनी डॉक्टरांच्या मनगटापासून कोपरापर्यंत राख्या बांधल्या आणि उरलेल्या कर्ण्याच्या खांबाला. मला हे असलं आवडत नाही. संस्थेच्या खांबाचं देऊळ व्हायला वेळ लागत नाही. पण मी काढायला लावल्या नाहीत. पावसाने आपोआप गेल्या. पाऊस त्या वर्षी उशिरा का होईना, आला.

मला याचं कारण आजही सापडलेलं नाही. पूर्वी मी ते शोधत होते, आता शोधत नाही. हे आठवलं की मला भ्यायला होत नाही, हायसं वाटतं, आणि हायसं वाटायला कारण लागत नाही असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. फक्त वारा, वारा असं सांगू नका. वारा चार किलोमीटर गाणं नेईल, पण न वाजलेली दोन कडवी कुठून नेईल?

दुसऱ्या दिवशीचं सांगते आणि थांबते. पहाटे उठून आम्ही चौघींनी ती ज्वारी खळ्यावर पातळ पसरली. कडकडीत वाळली की विष जातं, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं डॉक्टर बजावून गेले होते. सहा वाजता मी केंद्र उघडलं. बाया रांगेत होत्या, सगळ्या. शेवटी कोंडाबाई उभ्या होत्या, हातात किटली नाही.

"मावशी, औषध दिलेल्या गाईचं दूध दोन दिवस घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"ठावं हाय मला."

"मग रांगेत कावून?"

"तू काय बोलतीस ते ऐकाया आले."

मी माप खाली ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तो चारा मी आणला. मावशींनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. काल तुमच्या गाई गेल्या असत्या तर त्या माझ्या हाताने गेल्या असत्या."

एकीने पदर सारखा केला. कोंडाबाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"झालं का बोलून?"

"झालं."

"मग माप घे पोरींचं. ऊन चढायलंय, दूध नासंल."

त्या वळून घराकडे गेल्या. मी माप उचललं आणि पहिली किटली घेतली.